चार टूल्स, एक बॅकलॉग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लायंटचं जिरा, कंपनीचं अझ्युर डेव्हऑप्स (दोन्ही कामांची तिकिटं, म्हणजे नोंदी, ठेवायची टूल्स), डेव्हलपरांचं गिटहब (कोड ठेवायची जागा) आणि मॅनेजरची एक्सेल शीट: करायच्या कामांची यादी, म्हणजे बॅकलॉग, या चार ठिकाणी विखुरलेली. हिंजवडी-खराडीतल्या कुठल्याही सर्व्हिस कंपनीत हा संसार ओळखीचा आहे. खालचे प्रश्न टीम लीड, नव्याने प्रॉडक्ट ओनर (कुठलं काम आधी ते ठरवणारे) झालेले लोक आणि वैतागलेले टेस्टर विचारत असतात. टूल निवडणं ज्यांच्या हातात नाही, अशा टीम डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

सगळं एकाच टूलमध्ये आणलं तर कटकट संपेल ना?

संपेल, पण आणू कोण देणार? क्लायंटला प्रत्येक रिलीजमागे स्वतःच्या जिरातला तिकीट नंबर लागतो, कारण त्यांचं ऑडिट त्यावर चालतं. तुमच्या कंपनीच्या अझ्युर डेव्हऑप्समध्ये तास भरले जातात आणि त्यावरून बिल निघतं. डेव्हलपर गिटहब सोडणार नाहीत, कोडच तिथे आहे. तिघांचीही कारणं खरी आहेत आणि तिघांपैकी कोणालाही हलवणं टीम लीडच्या अखत्यारीत नाही. तरी दर थोड्या दिवसांनी एखादा नवा मॅनेजर ‘एकच टूल’ अशी मोहीम काढतो, आणि ती संपेपर्यंत तीनाची चार टूल्स झालेली असतात.

टूल्स राहू द्या चार. कामांचा क्रम मात्र एकाच ठिकाणी आणि एकाच माणसाच्या सहीने ठरला पाहिजे. या पानावरचं जवळजवळ प्रत्येक उत्तर फिरून तिथेच येतं.

मग आमचा बॅकलॉग नेमका कुठे आहे असं समजायचं?

स्क्रम या कामाच्या पद्धतीची अधिकृत पुस्तिका असलेल्या स्क्रम गाइडच्या २०२०च्या आवृत्तीत प्रॉडक्ट बॅकलॉगचं वर्णन ‘क्रमाने लावलेली यादी’ असं आहे, आणि टीमच्या कामाचा तो एकमेव स्रोत असावा असंही तिथे म्हटलंय. तिकिटं कुठल्या डेटाबेसमध्ये पडून आहेत याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तेव्हा तिकिटं कुठेही असोत, ‘यानंतर काय घ्यायचं’ याचं उत्तर द्यायला टीम जिथे बघते तो तुमचा बॅकलॉग.

त्यासाठी एक नियम पाळावा लागतो. प्रत्येक कामाचं मूळ तिकीट एकच, बाकी सगळीकडे फक्त त्याची लिंक. मूळ तिकीट कुठे ठेवायचं, हे ‘काम झालं’ असं शेवटी कोण म्हणणार यावरून ठरवा. फीचर मान्य करणारा क्लायंट असेल तर मूळ तिकीट त्याच्या जिरात. लायब्ररीचं व्हर्जन वाढवायचं असेल, टेस्ट दुरुस्त करायच्या असतील, बिल्ड स्क्रिप्ट साफ करायची असेल, तर ‘झालं’ म्हणणारे डेव्हलपरच, म्हणून ते गिटहबवर. कंपनीअंतर्गत कामं, म्हणजे सिक्युरिटी ट्रेनिंग, लॅपटॉप बदलणं वगैरे, अझ्युरमध्ये. एक्सेलमध्ये मूळ तिकीट कधीच नाही. शीटमधली ओळ कोणी उडवली तर ती कोणी उडवली हे शोधतानाच संध्याकाळ होते.

पण एकच काम दोन ठिकाणी दिसायलाच हवं असेल तर?

दिसू द्या, फक्त दोन्हीकडे लिहू नका. एक उदाहरण घेऊ. एका दुकानदारी ॲपमध्ये बग आला: यूपीआयने पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र ‘पेंडिंग’. क्लायंटच्या जिरात ‘पे-२१४’ उघडलं गेलं. कोड बघितल्यावर कळलं की कामं दोन आहेत. पेमेंट गेटवेचा निरोप हुकला तर तो पुन्हा मागवायचा, आणि तोवर ग्राहकाला स्क्रीनवर नीट मजकूर दाखवायचा. म्हणून गिटहबवर दोन इश्यू (तिथल्या तिकिटांचं नाव). त्यांच्या शीर्षकाच्या सुरुवातीला ‘पे-२१४’, आत पहिल्या ओळीत जिराची लिंक, आणि खाली फक्त डेव्हलपरला लागणारी माहिती: कुठली सर्व्हिस, कुठला लॉग, कुठल्या टेस्ट.

तिथे काय नाही ते बघा. प्रायॉरिटी नाही, डेडलाइन नाही, स्वीकाराचे निकष नाहीत. हे तिन्ही जिरातच राहतात. निकष गिटहबवर चिकटवले की बुधवारी क्लायंट जिरातली एक ओळ बदलतो, गिटहबची प्रत जुनीच राहते, टेस्टर त्या जुन्या प्रतीवर टेस्ट करून पास देते, आणि यूएटीत, म्हणजे क्लायंटच्या स्वतःच्या तपासणीत, तिकीट रीओपन होऊन परत येतं. मग कोणाचं चुकलं यावर अर्धा तास कॉल. चुकलेलं कोणीच नसतं, मजकूर दोन ठिकाणी असतो.

टू-वे सिंक, म्हणजे दोन टूल्समधले बदल आपोआप एकमेकांत जायची सोय, लावून टाकली तर? युनिटो, एक्झालेट वगैरे त्यासाठीची टूल्स आहेतच की.

आहेत, आणि चांगली चालतात. लिनिअर या तिकिटांच्या टूलमध्ये तर जिराशी सिंक आतूनच मिळतं. पण लावण्याआधी चार गोष्टी तपासा.

पहिली म्हणजे स्टेटसचे अर्थ. अझ्युर डेव्हऑप्सच्या ‘अजाइल’ प्रोसेसमध्ये (तिथल्या तयार साच्यांपैकी एक) ‘रिझॉल्व्ह्ड’ म्हणजे डेव्हलपरचं झालं, अजून तपासायचं आहे. त्यानंतर ‘क्लोज्ड’ येतं. बऱ्याच जिरा प्रोजेक्टमध्ये ‘रिझॉल्व्ह्ड’ हाच शेवटचा मुक्काम असतो. नावं सारखी म्हणून दोघांना जोडलंत, तर न तपासलेलं काम क्लायंटला पूर्ण झालेलं दिसेल. त्यातही अझ्युरची ‘स्क्रम’ प्रोसेस घेतली असेल तर तिथल्या पायऱ्याच वेगळ्या: न्यू, अप्रूव्ह्ड, कमिटेड, डन. तेव्हा आधी कागदावर तक्ता काढा, मग टूल जोडा.

दुसरी गोष्ट जिरापुरती आहे आणि ती हमखास नडते. जिरात स्टेटस वेगळा आणि रिझोल्यूशन (तिकीट काय ठरून बंद झालं ते) वेगळं. सिंकने स्टेटस ‘डन’ केला पण रिझोल्यूशन रिकामं सोडलं, तर ते तिकीट ‘अनरिझॉल्व्ह्ड’ रिपोर्टमध्ये तसंच दिसत राहतं. बोर्डवर डाव संपलेला, रिपोर्टमध्ये चालूच. क्लायंटच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ‘ही तिकिटं उघडी कशी?’ असं कोणी विचारलं तर आधी हे तपासा.

तिसरी, प्रतिध्वनी. एका बाजूचा बदल दुसरीकडे गेला, दुसरीने तो नवा बदल समजून परत पाठवला, आणि रात्रभर दोन टूल्स एकमेकांना नोटिफिकेशन पाठवत बसली. तयार टूल्स हे सांभाळतात. स्वतः वेबहुकवर (बदल झाला की टूल आपोआप पाठवतं तो निरोप) स्क्रिप्ट लिहिणारे विसरतात. सिंकसाठी वेगळा युझर काढा आणि त्या युझरने केलेला बदल परत पाठवू नका, इतकं केलं तरी पुरतं.

चौथी सगळ्यात महत्त्वाची: कॉमेंट्स. तुमच्या गिटहबवर डेव्हलपर आपसात लिहितात, ‘हे मॉड्यूल कोणी लिहिलंय देव जाणे, पूर्ण काढावं लागेल.’ कॉमेंट सिंक चालू असेल तर हे वाक्य क्लायंटच्या जिरात, आणि मॉड्यूल क्लायंटच्याच आधीच्या व्हेंडरचं. किंवा, त्याहून वाईट, तुमचंच.

माझं मत विचाराल तर सिंक एकाच दिशेने ठेवा आणि मोजक्या फील्डचं ठेवा: शीर्षक, स्टेटस, लिंक. कॉमेंट माणसाने कॉपी करावी. त्या निमित्ताने ती एकदा वाचली तरी जाते.

क्लायंटची सगळीच तिकिटं ‘हायेस्ट’ प्रायॉरिटीची असतात. क्रम लावायचा कसा?

प्रायॉरिटी हे फील्ड विसरा. प्रायॉरिटी ही तिकिटाच्या अंगावरची चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठ्या कितीही लावता येतात. क्रमात मात्र पहिल्या जागेवर एकच काम बसतं. टूल्सनाही हा फरक माहीत आहे. जिरात प्रायॉरिटीपासून पूर्ण स्वतंत्र असं ‘रँक’ असतं. बोर्डवर तिकीट ओढून वर-खाली केलंत की ते बदलतं. त्यामागे लेक्सोरँक नावाची पद्धत आहे: प्रत्येक तिकिटाला अक्षरांची एक ओळ मिळते, आणि दोन तिकिटांच्या मध्ये तिसरं घुसवायचं झालं की त्या दोन ओळींच्या मधली ओळ बनते. बाकी हजार तिकिटांना हात लावावा लागत नाही. अझ्युरमध्ये याच कामासाठी ‘अजाइल’मध्ये स्टॅक रँक आणि ‘स्क्रम’मध्ये बॅकलॉग प्रायॉरिटी असं फील्ड आहे.

अडचण अशी की हे रँक एका टूलच्या भिंतीबाहेर जात नाही. जिरातलं तिसरं तिकीट आधी की गिटहबमधलं पहिलं, हे कुठलंच टूल सांगणार नाही. म्हणून दर आठवड्याला साध्या पानावर एक यादी करा. कॉन्फ्लुअन्स, नोशन, गूगल शीट, काहीही चालेल. पुढची दहा-पंधरा कामं, एकाखाली एक, प्रत्येक ओळीत लिंक आणि एका वाक्यात ‘हे आत्ता का’. बस. तारखा नकोत, टक्केवारी नको, रंग तर मुळीच नकोत. यादी क्लायंटच्या प्रॉडक्ट ओनरसमोर बसून लावा. ‘हे वर घ्या’ म्हटलं की विचारायचं, ‘घेतो सर, कोणाच्या वर?’ सुरुवातीला लोक चिडतात. पण ‘सगळंच अर्जंट आहे’ या वाक्याला दुसरं उत्तर मला तरी सापडलेलं नाही.

टेक्निकल डेट, म्हणजे कोडमधली साठत गेलेली डागडुजी, याच यादीत आलं पाहिजे. डेव्हलपरांची कामं गिटहबच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली, तर ती शुक्रवारी दुपारी वेळ उरला की करायची कामं होतात, आणि शुक्रवारी दुपारी वेळ उरत नाही.

स्टोरी पॉइंट एका टूलमधून दुसऱ्यात नेता येतात का?

स्टोरी पॉइंट म्हणजे काम किती मोठं आहे याचा प्रत्येक टीमने आपापल्या मापाने लावलेला अंदाज. आकडे नेता येतात, पण वाटेत हरवतातही. जिरामध्येच कंपनी-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये ‘स्टोरी पॉइंट्स’ नावाचं फील्ड असतं आणि टीम-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये ‘स्टोरी पॉइंट एस्टिमेट’. ही दोन वेगळी फील्ड्स आहेत, त्यामुळे तिकीट एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात हलवलं की पॉइंट गायब झाल्यासारखे वाटतात. अझ्युरमध्ये प्रोसेसप्रमाणे स्टोरी पॉइंट्स, एफर्ट किंवा साइज अशी तीन नावं आहेत.

दोन टीमचे पॉइंट एकत्र बेरजेला घेऊ नका. एवढंच.

स्टँडअपला (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला) कुठला बोर्ड उघडायचा?

ज्यात डेव्हलपर दिवसभर असतात तो. स्टँडअप टीमसाठी आहे. क्लायंटच्या बोर्डवर स्टँडअप घेतला की तो स्टेटस कॉल होतो.

आमच्याकडे सहाशे उघडी तिकिटं आहेत. ग्रूमिंग, म्हणजे बॅकलॉगची साफसफाई, कुठून सुरू करू?

आधी एक भागाकार करा. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम आहे: रांगेतल्या गोष्टींची सरासरी संख्या भागिले दर वेळेला बाहेर पडणाऱ्या गोष्टींची संख्या, म्हणजे सरासरी थांबण्याचा काळ. तुमची टीम दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये (ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेरीत) बारा तिकिटं संपवत असेल, तर सहाशे भागिले बारा म्हणजे पन्नास स्प्रिंट, म्हणजे शंभर आठवडे. आज रांगेच्या शेवटी टाकलेलं तिकीट जवळजवळ दोन वर्षांनी हातात येईल, तेही वर नवं काहीच आलं नाही तर. इतका वेळ कोणी थांबणार नाही, तेव्हा यातली बहुतेक तिकिटं होणारच नाहीत. फक्त तसं कोणी मोठ्याने म्हणालेलं नाही.

एकेक करून ग्रूम करत बसू नका. सहा महिन्यांत ज्याच्यावर एकही कॉमेंट नाही, कोणी असाइन नाही, आणि जे चालू काँट्रॅक्टच्या कामात नाही, अशा तिकिटांची यादी जेक्यूएलने (जिराच्या शोधायच्या भाषेने) काढा, क्लायंटला पाठवा आणि लिहा: ‘पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी ही बंद करत आहोत. हवी असतील ती कळवा.’ दहा-पंधरा परत मागितली जातील. उरलेली ‘करणार नाही’ या कारणासह बंद करा. जिरात त्यासाठी रिझोल्यूशन असतं, गिटहबमध्ये ‘नॉट प्लॅन्ड’ म्हणून बंद करता येतं. डिलीट करू नका. तोच बग पुन्हा आला तर जुनं तिकीट शोधून चर्चा वाचता येते.

सुरक्षेचे बग आणि कायदेशीर पूर्ततेची तिकिटं या झाडझुडीतून वगळा. ती वय बघून बंद करायची नसतात.

क्लायंट टूल बदलतोय. तिकिटं नव्या टूलमध्ये नेताना काय तुटतं?

हे उत्तर लांबणार आहे, कारण तुटण्यासारखं बरंच आहे. आणि टूल बदलणं ही आता हौस राहिलेली नाही. जिरा बनवणाऱ्या ॲटलासियनने जिरा सर्व्हरचा (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायच्या आवृत्तीचा) सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला, पिव्होटल ट्रॅकर हे असंच टूल ३० एप्रिल २०२५ ला बंदच झालं. वेळ आली की सगळ्यांनाच सामान बांधावं लागतं.

पहिला शत्रू एक्सेल. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम तोडलेली साधी मजकुराची फाइल) एक्सपोर्ट केली, ‘जरा बघू’ म्हणून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली की नुकसान झालेलं असतं. व्हर्जन १.१० चं १.१ होतं. ‘३-५’ लिहिलेलं असेल तर त्याची तारीख होते. कोडच्या आधीचे शून्य जातात. आणि तिकिटात मराठी मजकूर असेल तर तो फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आहे हे एक्सेलला न कळल्यामुळे चिन्हांची खिचडी होऊन दिसतो. एखादी पतपेढी किंवा सरकारी ॲप सांभाळणाऱ्या टीमने हे नक्की बघितलं असेल. फाइल डबलक्लिक करून उघडू नका. डेटा टॅबमधून इंपोर्ट करा, एन्कोडिंग स्वतः निवडा, सगळे कॉलम ‘टेक्स्ट’ ठेवा. त्याहून बरं, बघण्यासाठी वेगळी कॉपी ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका.

दुसरा शत्रू तारीख. ०३/०४ म्हणजे आपल्यासाठी ३ एप्रिल, अमेरिकन क्लायंटसाठी ४ मार्च. बारापर्यंतच्या दिवसांना कुठलीही एरर येत नाही, मुकाट्याने चुकीची तारीख बसते. इंपोर्ट झाल्यावर तेरा तारखेनंतरची तिकिटं बघून ‘बरोबर आलंय’ म्हणू नका. महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली दोन-चार उघडून बघा.

मग रचना. जिराच्या सीएसव्हीत एका तिकिटाला पाच कॉमेंट असतील तर ‘कॉमेंट’ नावाचे पाच कॉलम येतात. लेबल आणि स्प्रिंटचंही तसंच. (यात एक गंमत आहे. ज्या तिकिटाच्या ओळीत स्प्रिंटचे सात कॉलम भरलेत, ते सात स्प्रिंट पुढे ढकललं गेलंय. माइग्रेशनच्या निमित्ताने ही तिकिटं वेगळी काढा, निम्म्यांची पुढे न्यायची लायकी नसते.) वर्णनातला मजकूर जिराच्या विकी मार्कअपमध्ये येतो, गिटहबला मार्कडाउन कळतं; मजकूर सजवायच्या दोघांच्या खुणा वेगळ्या. एका तारकेच्या आतला मजकूर जिरात ठळक असतो, गिटहबवर तिरका. मथळे आणि कोडचे तुकडे तर सरळ मोडतात. स्क्रीनशॉट सीएसव्हीत येतच नाहीत, फक्त जुन्या सर्व्हरवरच्या लिंक येतात. जुना सर्व्हर बंद झाला की त्या लिंकही मेल्या.

गिटहबकडे जाताना आणखी दोन. एपीआयने, म्हणजे प्रोग्रॅममधून, इश्यू बनवले की ते सगळे ज्याचं टोकन (प्रोग्रॅमला दिलेली किल्ली) वापरलं त्याच्या नावावर दिसतात. म्हणून मूळ लेखक आणि मूळ तारीख मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. आणि जुने नंबर जसेच्या तसे मिळतील असं धरू नका: गिटहबमध्ये इश्यू आणि पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल सामील करून घ्यायची विनंती) एकाच क्रमांकाच्या माळेतले असतात. उलट दिशेने, म्हणजे गिटहबमधून काढताना, ‘जीएच’ या कमांड लाइनने इश्यूंची यादी मागितली तर ती मर्यादा न सांगितल्यास फक्त ३० देते. रेपोत (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्यात) तीसच इश्यू आहेत असं समजून पुढे गेलेली टीम तुम्हीही पाहिली असेल.

जुना तिकीट नंबर नव्या तिकिटात वेगळ्या फील्डमध्ये ठेवा. कमिट मेसेज (कोडमधल्या प्रत्येक बदलासोबतची टीप), रिलीज नोट्स, क्लायंटचे मेल, सगळीकडे जुनेच नंबर आहेत. हे एक फील्ड विसरलं की पुढची दोन वर्षं लोक ‘ते जुनं पे-२१४ आता कुठे गेलं?’ असं विचारत फिरतात.

शेवटी: बंद झालेली सगळी तिकिटं नेऊ नका. उघडी न्या, बंद असलेल्यांची एक वाचता येईल अशी एक्सपोर्ट फाइल ठेवा.

कमिट आणि तिकीट जोडायचं कसं, म्हणजे स्टेटस हाताने बदलावा लागणार नाही?

प्रत्येक टूलचा आपापला मंत्र आहे. जिरात कमिट मेसेजमध्ये किंवा ब्रांचच्या (कोडच्या वेगळ्या फांदीच्या) नावात ‘पे-२१४’सारखा तिकीट नंबर लिहिला की जोड होते. अझ्युर बोर्ड्सला गिटहबवरून जोडताना नंबराआधी ‘एबी’ आणि हॅश लागतो. गिटहबमध्ये पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘फिक्सेस’, ‘क्लोजेस’ किंवा ‘रिझॉल्व्ज’ लिहून हॅशसह नंबर दिला की मर्ज होताच, म्हणजे बदल कोडमध्ये सामील होताच, इश्यू बंद होतो. पण फक्त डीफॉल्ट ब्रांचमध्ये मर्ज झाल्यावरच. तुमची टीम ‘डेव्हलप’ ब्रांचवर काम करत असेल आणि डीफॉल्ट ‘मेन’ असेल, तर इश्यू रिलीजपर्यंत उघडेच राहतात आणि लोक म्हणतात गिटहब बिघडलंय.

क्लायंटच्या तिकिटाला मात्र अशी आपोआप बंद होण्याची सोय लावू नका. मर्ज झालं म्हणजे मान्य झालं असं नव्हे.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या तक्रारींचं काय करायचं?

‘ॲप चालत नाहीये’ असा मेसेज, खाली फोनच्या पडद्याचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो, आणि पाच मिनिटांनी ‘?’. हेही बॅकलॉगचंच प्रवेशद्वार आहे, आवडो न आवडो. ते बंद करायच्या भानगडीत पडू नका, तिथे एक माणूस बसवा. आठवड्याला एकाची पाळी. त्याने कुठलं ॲप व्हर्जन, कुठला फोन, कधी घडलं एवढं विचारून तिकीट टाकायचं आणि तिकिटाची लिंक त्याच ग्रुपमध्ये परत द्यायची. लिंक परत गेली की पुढचा ‘काय झालं त्याचं?’ तिकिटावर येण्याची निदान शक्यता निर्माण होते. ग्रुपमध्येच ‘करतो साहेब’ असं लिहिणाऱ्या डेव्हलपरला प्रेमाने समज द्या. ते काम कुठल्याही यादीत नसतं आणि त्याची संध्याकाळ मात्र त्यात जाते.

तक्रार मराठीत आली तर तिकीट इंग्रजीत लिहायचं का?

शीर्षक टीमच्या कामाच्या भाषेत, पण ग्राहकाचं मूळ वाक्य वर्णनात जसंच्या तसं ठेवा. ‘पैसे गेले पण पावती आली नाही’ यातली पावती म्हणजे ॲपमधली की दुकानातून छापून मिळणारी, हे भाषांतर करणाऱ्याने गृहीत धरलं तर टेस्टर भलत्याच स्क्रीनवर बग शोधत बसते.

सर्च करताना एक खाचखळगा लक्षात ठेवा. ‘ॲप’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो: ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून, किंवा ‘अ’ वर वेगळी चंद्रखूण देऊन. डोळ्याला सारखेच, पण युनिकोडमध्ये वेगळे. त्यामुळे एका कीबोर्डवरून टाकलेलं तिकीट दुसऱ्यावरून शोधताना सापडेलच असं नाही, आणि मग त्याच बगचं दुसरं तिकीट उघडतं. शोधण्यासाठी इंग्रजी लेबल लावून ठेवणं हा सोपा उपाय.

क्लायंट न्यूयॉर्कचा. त्यांच्या रिपोर्टमध्ये आमचं काम नेहमी पुढच्या स्प्रिंटमध्ये का दिसतं?

घड्याळामुळे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. त्यांनी स्प्रिंट शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद केला तर पुण्यात शनिवारची पहाट झालेली असते, अडीच किंवा साडेतीन. खरा घोटाळा उलट बाजूला होतो. स्प्रिंट गुरुवारी रात्री बाराला संपतो असं टूलमध्ये लिहिलंय, पण कुठल्या झोनची रात्र ते कोणीच पाहिलेलं नाही. पुण्याची रात्र असेल तर न्यूयॉर्कमध्ये अजून गुरुवारची दुपार आहे, आणि त्यांनी त्यानंतर ‘ॲक्सेप्ट’ केलेलं सगळं पुढच्या खात्यात जमा. स्प्रिंटची वेळ दोन्हीकडचं ऑफिस चालू असेल अशी ठेवा, आणि मार्च व नोव्हेंबरमध्ये त्यांची घड्याळं बदलली की एकदा तपासा.

आम्ही तिघंच आहोत, स्वतःचं प्रॉडक्ट आहे. जिरा घ्यावं का?

दहा जणांपर्यंत जिरा फुकट आहे, म्हणून लोक घेतात आणि मग वर्कफ्लो सजवण्यात शनिवार-रविवार घालवतात. कोड गिटहबवर असेल तर गिटहब इश्यूज पुरे. कोड न बघणारा भागीदार असेल तर ट्रेलो. पाचव्या-सहाव्या माणसानंतर पुन्हा विचार करा.

एआयकडून तिकिटं लिहून घेतली तर?

डुप्लिकेट शोधायला आणि लांबलचक मेलचा सारांश काढायला छान. तिकीट लिहायला दिलं की दोन ओळींच्या बगचं दीड पान होतं आणि ते कोणीच वाचत नाही. शिवाय क्लायंटचा डेटा कुठल्या टूलमध्ये टाकायची परवानगी आहे ते काँट्रॅक्टमध्ये बघा, आधी.

काँट्रॅक्ट संपल्यावर क्लायंटच्या जिरातला आमचा ॲक्सेस जाणार. काय काढून ठेवू?

आधी विचारा की काही काढून ठेवता येतं का. तिकिटातला मजकूर सहसा क्लायंटच्या मालकीचा असतो, आणि परवानगीशिवाय केलेली एक्सपोर्ट हा डेटाचा भंग ठरू शकतो. लेखी परवानगी मिळाली तर तुमच्या टीमने बंद केलेल्या तिकिटांचे नंबर, शीर्षकं, बंद झाल्याच्या तारखा आणि कोणी ॲक्सेप्ट केलं एवढं घ्या. बिलाचा वाद झाला तर हेच लागतं. वर्णनं आणि स्क्रीनशॉट नकोत, त्यात ग्राहकांचे मोबाइल नंबर असतात.

परवानगी नाही मिळाली तर तुमच्याकडे आठवड्याच्या याद्या आहेत, ज्यांत नंबर आणि ‘हे आत्ता का’चं एक वाक्य आहे. गिटहबचा रेपो क्लायंटच्या खात्यात असेल तर तोही त्याच दिवशी जाईल, म्हणून तुमच्या टीमच्या अंतर्गत नोंदी त्या रेपोत ठेवू नका. आणि सिंकसाठी काढलेला तो वेगळा युझर आठवतोय? त्याचं टोकन रद्द करायला क्लायंटला स्वतःहून सांगा. माणसांची खाती एचआरच्या यादीवरून बंद होतात, या युझरचं नाव त्या यादीत नसतं.